ग्राहक सतरा वर्षांचा निघाला, गुन्हा कॅप्टनवर: 'मला माहीत नव्हतं' हे कोर्टात कसं मांडायचं?

प्रश्न: मी एका परमिट रूममध्ये कॅप्टन आहे, अकरा वर्षं याच लाइनीत आहे. गेल्या शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास तिघे आले. दोघे लहान वाटले म्हणून ओळखपत्र मागितलं, त्यांनी मोबाइलवर आधार दाखवलं. तिसरा तिशीचा सरळ दिसत होता. दोन बिअर आणि रमची एक क्वार्टर दिली. अर्ध्या तासाने चौथा येऊन बसला, टेबलावरून आणखी एक ग्लास मागितला, वेटरने नेऊन ठेवला. दाढी होती, मला तो बावीस-तेवीसचा वाटला. घरी जाताना तो स्कूटरवरून पडला. दवाखान्यात कळलं की त्याचं वय सतरा वर्षं चार महिने. वडिलांनी तक्रार दिली. गुन्ह्यात माझं, वेटरचं आणि मॅनेजरचं नाव आहे. परवा ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली आहे. मालक म्हणतात, सगळ्यांना मिळून एकच वकील देतो, तू फक्त वय-तपासणीच्या ट्रेनिंग रजिस्टरवर मागच्या तारखांच्या सह्या करून टाक. मला खरंच माहीत नव्हतं. अटक होईल का? सात वर्षं शिक्षा म्हणतात ते खरं का?

उत्तर:

सगळ्यात आधी ते रजिस्टर. त्यावर सही करू नका. कारण पुढे सांगतो, पण बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं पाळा.

सात वर्षांचं म्हणाल तर कायद्यात तेवढी तरतूद आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चं कलम ७७ सांगतं की जो कोणी बालकाला मादक दारू देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद एकच, पात्र डॉक्टरने सांगितलं असेल तर. सात वर्षं ही वरची मर्यादा आहे. खाली किमान शिक्षा लिहिलेली नाही, त्यामुळे दोष सिद्ध झाला तरी किती शिक्षा द्यायची हे न्यायाधीश प्रसंग पाहून ठरवतात.

अटकेचं असं की तुम्हाला नोटीस आली आहे, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. कागद काढून बघा, बहुधा वर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३) लिहिलेलं असेल. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करू नये, गरज का आहे ते लेखी नोंदवावं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्नेश कुमारच्या निकालात घालून दिलं आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात, सहकार्य केलंत, तर पोलिसांना अटकेसाठी वेगळी कारणं लिहून काढावी लागतात. न कळवता गैरहजर राहिलात तर तेच कारण तुम्ही त्यांच्या हातात देता. गावी निघून जाण्याचा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाका. या धंद्यातली चांगली, सरळ माणसं घाबरून गावी गेलेली आणि त्यापायी जामीन अवघड करून बसलेली मी पाहिली आहेत.

हे प्रकरण एवढ्या तातडीने का हाताळलं जातंय तेही समजून घ्या. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. त्याआधी तो ज्या दोन ठिकाणी बसला होता तिथले मालक आणि मॅनेजर अटकेत गेले. एका ठिकाणचं बिल ४८,००० रुपयांचं होतं, हे पोलीस आयुक्तांनीच जाहीर केलं होतं. उत्पादन शुल्क विभागाने पुण्यात बार-पबवर कारवायांचा धडाका लावला. तेव्हापासून अल्पवयीन आणि दारू हे दोन शब्द एका तक्रारीत आले की कुठलंच ठाणं ती बाजूला ठेवत नाही. दोन घरांची मुलं गेल्यावर असं होणं मला योग्यच वाटतं. पण त्या धाकात सगळा बोजा खालच्या माणसावर टाकून मोकळं व्हायची जी घाई होते, ती मला मान्य नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्यापुढे दोन वेगळे कायदे उभे आहेत आणि दोघांचं वय वेगळं आहे. बाल न्याय कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, ज्याला जुनी माणसं अजून मुंबई दारूबंदी कायदाच म्हणतात, त्याच्या चौकटीत आपल्या राज्यात बिअर आणि वाइनला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. शेजारी गोव्यात सरसकट २१. म्हणजे वीस वर्षांच्या कॉलेजकुमाराला बिअर दिली तर परवान्याचा आणि दारूबंदी कायद्याचा प्रश्न येतो, पण कलम ७७ लागत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला दिली तर दोन्ही अंगावर येतात. बारमधल्या दहा जणांना विचारलं तर सात जण 'अठरा चालतं' म्हणतील. इतकी वर्षं काढलेल्या माणसांचीही ही गफलत असते, आणि ती फार महागात पडते.

ती तुम्हाला कशी पडू शकते ते सांगतो. तुम्ही लिहिलंय, 'मला तो बावीस-तेवीसचा वाटला.' तुम्ही हे निर्दोषपणाचा पुरावा म्हणून लिहिलंय. टेबलावर रम होती. रमला पंचवीस लागतात. म्हणजे तुमचा समज खरा धरला, तो पोरगा खरोखर तेवीसचा असता, तरी रम त्याला देता येत नव्हती. ठाण्यात बसून हे वाक्य सहज बोललात तर एका कायद्यातून सुटायच्या प्रयत्नात दुसऱ्या कायद्याची कबुलीच दिल्यासारखं होतं.

हे नुसतं शब्दांचं प्रकरण नाही, तुमचा खरा बचाव इथेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७ चा (जुन्या दंड संहितेतलं कलम ७९) मथितार्थ असा: वस्तुस्थितीबद्दल चूक झाल्यामुळे, आपण जे करतोय ते कायद्याने करता येतं असं सद्भावनेने समजून माणसाने काही केलं, तर तो गुन्हा होत नाही. मात्र चूक वस्तुस्थितीची हवी, कायद्याची नको. 'मुलाचं वय सत्तावीस आहे असं मला वाटलं' ही वस्तुस्थितीची चूक. 'रमला एकवीस चालतं असं मला वाटलं' ही कायद्याची चूक, तिला माफी नाही. कलम १७ मधले हे सर्वसाधारण अपवाद बाल न्याय कायद्यासारख्या विशेष कायद्यातल्या गुन्ह्यांनाही लागू होतात, हे तुमच्या वकिलाने पहिल्याच अर्जात मांडलं पाहिजे.

दुसरी अट सद्भावनेची. आपण बोलताना मन साफ असलं की सद्भावना म्हणतो. कायदा तेवढ्यावर थांबत नाही. न्याय संहितेच्या कलम २(११) प्रमाणे योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कुठलीही गोष्ट सद्भावनेने झाली असं धरलं जात नाही. त्यामुळे कोर्टाचा प्रश्न फक्त 'तुला माहीत होतं का' इथे संपत नाही. 'माहीत करून घ्यायला तू काय केलंस' हा प्रश्न येतो. आणि हे दाखवायचं ओझं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर असतं. ते ओझं सरकारी पक्षाइतकं जड नाही. त्यांना संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, तुमचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी तुम्हाला पुरतं. पण काहीतरी दाखवावं लागतंच.

काही वकील सांगतील की कलम ७७ मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द नाही, पण गुन्ह्याला दोषी मन, म्हणजे चुकीचं करतोय याची जाण किंवा हेतू, लागतंच, म्हणून आरोप टिकणार नाही. या बाजूने जुना आधार आहे. नथुलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (एआयआर १९६६ सुप्रीम कोर्ट ४३) या प्रकरणात धान्याच्या एका व्यापाऱ्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, पैसे भरले होते, आणि परवाना मिळेलच या समजुतीने गहू साठवला. कायद्याने स्पष्ट वगळलेलं नसेल तर दोषी मन असल्याशिवाय शिक्षा नाही, असं म्हणून कोर्टाने त्याला सोडलं. पण समोरची बाजूही रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या आधीचाच निकाल आहे, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज (एआयआर १९६५ सुप्रीम कोर्ट ७२२). मुंबईमार्गे सोनं घेऊन मनिलाला निघालेल्या प्रवाशाने 'नवी अधिसूचना मला माहीतच नव्हती' म्हटलं आणि कोर्टाने ते ऐकलं नाही, कारण दोषी मन सिद्ध होण्याची वाट पाहत बसलं तर त्या कायद्याचा हेतूच फसेल. मुलांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा म्हटल्यावर सरकारी वकील हाच दुसरा रस्ता धरणार. म्हणून माझं मत सांगतो: निव्वळ 'दोषी मन नव्हतं' यावर तुमची केस उभी करू नका. 'मी काळजी घेतली होती, ती अशी अशी' यावर करा. पहिला मुद्दा त्याच्या पाठीशी ठेवा.

आणि काळजी घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे आहे. तुम्ही दोघांचं आधार मागितलं. शनिवारची रात्र, भरलेलं सेक्शन, तरी मागितलं. हे कॅमेऱ्यात असणार.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हायवेवरच्या एका बारचा वेटर आला होता. त्याच्याही टेबलावरचा मुलगा अल्पवयीन निघाला होता आणि त्याने मोठ्या भावाचं कार्ड मोबाइलवर दाखवलं होतं. सरकारी पक्ष म्हणत होता की वेटरने नुसती नजर टाकली, तपासलं काहीच नाही. आम्ही फुटेज मागवून घेतलं. त्यात आवाज नव्हता, चित्रही भुरकट. पण दिसत होतं ते असं: वेटर वाकतो, मोबाइल स्वतःच्या हातात घेतो, दोन बोटांनी पडद्यावरचं चित्र मोठं करतो, मग दिव्याखाली जाऊन मोबाइल तिरका धरतो, एकदा मुलाच्या तोंडाकडे बघतो, पुन्हा पडद्याकडे. मग काउंटरला जाऊन कॅशियरला दाखवतो आणि परत येऊन मोबाइल देतो. सगळं मिळून चाळीस सेकंदांच्या आत. त्या दोन बोटांच्या हालचालीवर मी अर्धा तास बोललो. जन्मतारीख वाचायची नसती तर चित्र मोठं कशाला केलं असतं? अटकपूर्व जामीन कायम झाला आणि पुढे आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यावर तो दोषमुक्त झाला. भाऊ-भाऊ दिसायला सारखे होते, ही गोष्टही कामी आली.

ते फुटेज आम्हाला मिळालं कारण तो घटनेनंतर नवव्या दिवशी आला होता. बारमधला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, डिस्कच्या आकाराप्रमाणे पंधरा दिवस, महिनाभर साठवतो आणि मग जुन्यावर नवं लिहीत जातो. तुमचा शनिवार जाऊन किती दिवस झाले ते मोजा. आजच तपास अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं रात्री नऊ ते बारा या वेळेचं, सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज जप्त करून जतन करावं. पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत, 'देऊन आलो' असं नाही. मालकाला आणि मॅनेजरलाही तसंच लेखी द्या. स्वतः डीव्हीआर उघडायला, पेन ड्राइव्हवर घ्यायला जाऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा, तोही नोंदवावा लागतो. हातघाईने काढलेल्या प्रतीवर नंतर 'छेडछाड केली' म्हणून बोट ठेवलं जातं.

तुमच्या फुटेजमध्ये मला सगळ्यात जास्त बघायचाय तो चौथा ग्लास. तो कोणी मागितला? तोंडी मागितला की हात वर करून? ग्लास रिकामा गेला की भरून? त्यात कोणी ओतलं, आणि काय ओतलं, बिअर की रम? कलम ७७ चे शब्द आहेत 'देईल किंवा द्यायला लावेल'. तिघा मोठ्यांनी स्वतःसाठी घेतलेली बाटली वेटरने टेबलावर ठेवली आणि त्यातून मित्राने मित्राला ओतली, तर दारू त्या मुलाला दिली कोणी, हा खरा वादाचा मुद्दा आहे. चौथ्या माणसाच्या नंतर आणखी ऑर्डर गेली का, हेही तितकंच महत्त्वाचं. ऑर्डरच्या स्लिपवर वेळ छापलेली असते. चौथा आल्यानंतरची एकही स्लिप नसेल तर तुमची बाजू खूप सुधारते. असेल, आणि ती तुमच्या लॉगइनने निघालेली असेल, तर तेही आपल्याला आधी माहीत हवं. बिलावर तीन माणसं लिहिलीत की चार? ऑनलाइन पैसे कोणाच्या खात्यातून आले? हे सगळे कागद पोलीस नेतील. तुम्ही त्यांची यादी लिहून ठेवा.

इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. चौथा माणूस आला तेव्हा त्याला कोणी काही विचारलं नाही, ही तुमच्या हकिकतीतली कमकुवत जागा आहे. पहिल्या दोघांना विचारलंत म्हणजे विचारायचं असतं हे तुम्हाला माहीत होतं, असं सरकारी वकील म्हणणारच. त्यावर उत्तर खरं असेल ते द्यायचं. तुम्ही तेव्हा सेक्शनच्या दुसऱ्या टोकाला होता का? ग्लास वेटरने परस्पर नेला का? चौथा येऊन बसल्याचं तुम्हाला कधी कळलं? हे प्रसंग आठवणीतून निसटतात. आज रात्री एका वहीत बसून साडेनऊपासून टेबल उठेपर्यंत जे स्वतः पाहिलं ते लिहा, जे दुसऱ्याकडून ऐकलं ते वेगळ्या पानावर लिहा. ही वही फक्त वकिलाला दाखवायची.

आता त्या रजिस्टरकडे येतो. मालकाचा हेतू कदाचित तुम्हाला वाचवण्याचाही असेल. पण गुन्हा दाखल झाल्यानंतर मागच्या तारखा टाकून केलेला कागद म्हणजे खोटा पुरावा, आणि तो खरा पुरावाही बुडवतो. एका प्रकरणात असंच रजिस्टर पुढे आलं होतं. तीन महिन्यांच्या नोंदी, दर सोमवारी ट्रेनिंग, आणि सगळ्या पानांवर एकाच पेनाची शाई, एकाच हाताचा दाब. त्यातल्या एका सोमवारी सही केलेला वेटर गावाला लग्नात होता, त्याचे फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये निघाले. त्या माणसाने खरोखर ओळखपत्र मागितलं होतं, पण रजिस्टर खोटं निघाल्यावर त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवेना. ग्रुपवरचे मेसेज पुसणं, डीव्हीआर 'बिघडणं', स्लिपा हरवणं हेही त्याच माळेतलं. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

एकच वकील सगळ्यांना, हेही नाकारा. नम्रपणे नाकारा, पण नाकारा. बाल न्याय कायद्यात मालकाला नोकराच्या कृत्याबद्दल आपोआप जबाबदार धरणारं कलम नाही. म्हणून मालक आणि मॅनेजर यांचा सोपा बचाव हाच असतो की आम्ही नियम घालून दिले होते, कॅप्टनने पाळले नाहीत. तुमचा बचाव उलटा असू शकतो: गर्दीच्या दिवशी ओळखपत्र मागत बसू नका अशी तोंडी ताकीद होती, दारावर तपासायला माणूस नव्हता. तसं असेल तर 'द्यायला लावेल' हे शब्द वरच्या माणसापर्यंत जातात. या दोन बाजू एका वकिलाला प्रामाणिकपणे लढवता येत नाहीत. आणि वेटर? तो तुमच्याहून लहान, बहुधा परगावचा, पगार तुमच्याहून कमी. सगळे वरून खाली ढकलतात तेव्हा तोच तळाशी उरतो. त्याच्यावर ढकलून सुटायचा सल्ला मी देणार नाही. जे घडलं ते सांगा, त्यापलीकडे त्याच्या नावावर काही चढवू नका.

पैशांची अडचण असेल तर तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर वकील मोफत मिळतो, आणि अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभरचा नंबर. वेटरलाही हे सांगा.

परवाच्या हजेरीआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, एफआयआरची प्रत मिळवून त्यातली कलमं वाचून घेणं. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र पण अजामीनपात्र ठरवले. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पण सोबत एखादं दखलपात्र कलम जोडलेलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. तुमच्या एफआयआरमध्ये एकटं ७७ आहे की आणखी काही, यावर पुढचा बराच डाव ठरतो. एकटं असेल आणि आदेश घेतलेला नसेल तर गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली जाण्याचा मार्ग उघडतो. दुसरी, अटकपूर्व जामिनाचा अर्ज, त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली, सत्र न्यायालयात. नोटीस आली आहे म्हणून गरज नाही असं काही वकील म्हणतात. माझा कल अर्ज तयार ठेवण्याकडे आहे. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसतो. ठाण्यातून हक्काने मिळत नाही, कोर्टाकडून मागावा लागतो, एवढाच. अकरा वर्षं एकाच लाइनीत, कायम पत्ता, आधीचा गुन्हा नाही, नोटिशीला हजर, या गोष्टी कोर्टात वजनाच्या असतात.

ठाण्यात गेल्यावर नाव, पत्ता, नोकरी, कामाची वेळ, कागद कुठे आहेत, हे सगळं मोकळेपणाने सांगा. घटनेच्या तपशिलावर मात्र वकिलाशी बोलल्याशिवाय जबाब देऊ नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावर करता येत नाही, हा राज्यघटनेच्या कलम २०(३) चा हक्क आहे, आणि तो शांतपणे, उद्धट न होता सांगता येतो: 'साहेब, मी सहकार्य करतोय, घटनेबद्दलचं म्हणणं वकिलांमार्फत लेखी देतो.' पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण तुमच्या बोलण्यातून तपास कुठल्या दिशेला वळेल हे तुमच्या हातात राहत नाही. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही लागत नाही, तरी कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

वयाबद्दलही डोळे झाकून मान डोलवू नका. सतरा वर्षं चार महिने हे कशावरून? बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार या यादीत नाही. बहुतेक वेळा वय खरंच निघतं आणि हा मुद्दा तिथेच संपतो, पण दाखला पाहून संपवायचा. तसंच त्याच्या रक्तात दारू सापडली का, नमुना कधी घेतला, की फक्त 'वास येत होता' एवढीच नोंद आहे, हे वैद्यकीय कागदांवरून बघायचं. तो तुमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे बसला होता का, हेही. अर्धा तास उशिरा आलेला मुलगा कुठून आला, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

परवान्याची लढाई वेगळी आहे आणि ती मालकाची आहे. जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. त्या सुनावणीत तुमचं म्हणणं मागितलं तर ते तुमच्याच वकिलाच्या हातून जाऊ द्या, कारण तिथे लिहिलेलं वाक्य फौजदारी खटल्यात परत समोर येतं.

एका बाबतीत आपला कायदा मला उणा वाटतो. इंग्लंडमध्ये २००३ च्या लायसन्सिंग कायद्याच्या कलम १४६ मध्येच लिहून ठेवलंय की ग्राहक अठराचा आहे असं वाटलं आणि वय तपासायला सगळे वाजवी उपाय केले, किंवा त्याच्या दिसण्यावरून कोणालाच शंका आली नसती, तर तो बचाव आहे. म्हणून तिथल्या दुकानांत पंचवीसच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायची रीत पडली. शिकायला गेलेली आपली मुलं तिथे काउंटरवर काम करतात, त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आपल्याकडे कामगाराने नेमकं काय केलं की तो सुरक्षित, हे कायद्यात कुठेच स्पष्ट लिहिलेलं नाही. बाल न्याय कायद्याखाली केंद्राने केलेल्या २०१६ च्या आदर्श नियमांनी दारूच्या दुकानात बालकाला दारू देणं गुन्हा असल्याचा फलक लावायला सांगितलंय. तुमच्याकडे तो होता का, कुठे होता, फोटो आहे का, तेही वहीत लिहा.

मुलाच्या वडिलांना भेटायला जाऊ नका, कोणाकरवी निरोपही पाठवू नका. 'पैसे देऊन मिटवू' असं सांगणारे भेटतील. हा गुन्हा दोन बाजूंनी आपसात मिटवण्यासारखा नाही, आणि साक्षीदारावर दबाव आणला असं एकदा कागदावर आलं की मिळालेला जामीनही जातो. मुलगा बरा आहे का, एवढं तुमच्या वकिलामार्फत कळून घ्या. तुमच्या पत्रात त्याच्या तब्येतीबद्दल एक ओळही नाही. तुम्ही घाबरलेले आहात, मी समजतो. पण पुढे कधी कोर्टात उभे राहाल तेव्हा तो तुमच्या डोळ्यांपुढे असलेला बरा.

वकिलाकडे जाताना हे घेऊन जा: नोटीस, एफआयआरची प्रत, नेमणुकीचं पत्र किंवा पगाराच्या बँक नोंदी, त्या दिवसाची ड्युटी कोणाची कुठे होती त्याचा कागद, फुटेज जतन करण्याच्या अर्जाची शिक्का असलेली पोच, आणि ती वही. मालकाने सह्या करायला सांगितलेलं मेसेजवर असेल तर तो मेसेज पुसू नका, तसाच दाखवा.